इंग्रजी विरामचिन्हं: आधी क्रियापद शोध, मग कॉमा दे

अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम झालं. आता इंग्रजी निबंधाची वही तपासून आली की पानभर लाल गोल दिसतात. कुठे दिलेला कॉमा खोडलेला, कुठे न दिलेला घातलेला, आणि कारण कुठेच लिहिलेलं नाही. शाळेत शिकवलं होतं, की कॉमाला एक आकडा मोजेपर्यंत थांबायचं आणि फुलस्टॉपला दोन. ‘मी वाचताना थांबतो तिथेच कॉमा देतो, मग चुकतं कुठे? सगळे नियम एकदा नीट सांगा,’ असं म्हणून त्याने रायगडच्या सहलीवर लिहिलेला एक परिच्छेदही दिला आहे.

सगळे नियम मी सांगणार नाही. चौदा चिन्हांची यादी पाठ करून कुणाचं लेखन सुधारलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी बरीच वर्षं इंग्रजी लेखन शिकवते, त्याआधी एका प्रकाशनात मुद्रितं तपासायचे. दोन्हीकडे दिसलं ते हेच, की मुलांना चिन्हं माहीत असतात, वाक्य कुठे संपतं ते माहीत नसतं. तुझा प्रश्न कॉमाचा वाटतो, पण तो खरं म्हणजे वाक्याच्या हद्दीचा आहे.

तुझा परिच्छेद असा आहे. (उदाहरणं देवनागरीतच देते, वहीत रोमन लिपीत उतरवून घे.)

“लास्ट संडे वी वेंट टू रायगड, इट वॉज रेनिंग हेविली. अवर टीचर टोल्ड अस दॅट, द रोपवे वॉज क्लोज्ड. बिकॉज द विंड वॉज स्ट्राँग. द बॉइज हू वेअर टायर्ड, सॅट इन अ टी स्टॉल. आय आस्क्ड माय फ्रेंड व्हेन द रेन वुड स्टॉप?”

काळ बरोबर, शब्द बरोबर, स्पेलिंगही बरोबर. पाच वाक्यं आणि पाचही ठिकाणी चिन्हाची गडबड. गंमत म्हणजे या पाचही चुका मराठी चांगलं येणाऱ्या मुलाच्या आहेत. ज्याला मराठी धड येत नाही, तो वेगळ्या चुका करतो.

आधी त्या ‘थांबण्याच्या’ नियमाचं बघू. तो अगदीच खोटा नाही, फक्त फार जुना आहे. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ॲरिस्टोफेनिस नावाचा विद्वान होता. मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणून त्याने ओळीत वर, मध्ये आणि खाली ठिपके देण्याची पद्धत काढली. तेव्हा चिन्ह वाचणाऱ्याच्या तोंडासाठी होतं. छपाई आली, लोक मनातल्या मनात वाचू लागले, तसं ते हळूहळू वाक्याची बांधणी दाखवू लागलं. आज तुझी वही तपासणारे शिक्षक बांधणी बघतात आणि तू श्वास मोजतोस. बऱ्याच वेळा दोन्ही एकाच जागी येतात, म्हणून तुझे निम्मे कॉमा बरोबर येतात. उरलेल्या निम्म्यांना लाल गोल.

आता मराठीची गोष्ट. मराठीत वाक्य संपलं हे क्रियापदच सांगतं. ‘गेला’, ‘आहे’, ‘होतं’, ‘पाहिजे’ ऐकू आलं की कानाला कळतं, झालं वाक्य. मोडीतला जुना कागद कधी बघितलास तर त्यात शब्दसुद्धा सुटे केलेले नसतात. वर एक लांब रेघ आणि तिच्याखाली सलग अक्षरं, तरी कारकुनांचं काम अडलं नाही. विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात असलेले मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यासाठी घेतात. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला लागून लवकर येऊन जातं आणि त्याच्यामागे कितीही डबे जोडता येतात. ‘वी वेंट टू रायगड’, पुढे ‘विथ अवर टीचर’, पुढे ‘बाय बस’, पुढे ‘इन द मॉर्निंग’. या चारांपैकी कुठेही वाक्य थांबू शकतं आणि कान काहीच सांगत नाही. तिथे फुलस्टॉप नसेल तर वाचणारा पुढच्या वाक्यात घुसतो आणि मग मागे येतो.

म्हणून माझ्या वर्गात पहिलं काम पेन्सिलचं. लिहून झालं की प्रत्येक कर्ता-क्रियापदाची जोडी अधोरेखित करायची आणि मग दोन जोड्यांच्या मध्ये काय आहे ते बघायचं. तुझ्या परिच्छेदावर हेच करू.

पहिलं वाक्य. ‘वी वेंट’ ही एक जोडी, ‘इट वॉज रेनिंग’ ही दुसरी. दोन्ही स्वतःच्या पायावर उभी राहणारी वाक्यं आहेत आणि मध्ये नुसता कॉमा. मराठीत ‘आम्ही रायगडला गेलो, धो धो पाऊस होता’ हे खपून जातं, कारण ‘गेलो’ने वाक्य मिटवलेलं असतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं एकट्या कॉमाने जोडता येत नाहीत. त्याला इंग्रजीचे शिक्षक कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत ही चूक सगळ्यात जास्त असते. सुटका तीन तऱ्हेने होते. फुलस्टॉप दे. किंवा कॉमा ठेव आणि पुढे जोडणारा शब्द घाल: अँड, बट, सो, ऑर, येट, नॉर, फॉर. किंवा दोन्ही वाक्यांचा संबंध अगदी जवळचा असेल तर अर्धविराम. तुझ्या जागी मी लिहीन, “लास्ट संडे वी वेंट टू रायगड. इट वॉज रेनिंग हेविली.” साधं आणि बिनचूक.

इथे एक सापळा सांगून ठेवते, कारण बारावीपर्यंत जवळजवळ सगळे त्यात पडतात. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘देन’ हे शब्द त्या सातांच्या यादीत नाहीत. दिसायला जोडणारे, पण जोडत नाहीत. “इट वॉज लेट, हाउएव्हर, वी क्लाइम्ब्ड” हे चूक. ‘लेट’नंतर फुलस्टॉप किंवा अर्धविराम हवा आणि ‘हाउएव्हर’नंतर कॉमा. उलट बाजूही लक्षात ठेव. ‘अँड’ दिसला की कॉमा, असंही नाही. “आय वेंट टू द शॉप अँड बॉट अ पेन” यात ‘बॉट’ला स्वतःचा कर्ता नाही, म्हणून कॉमा नको.

दुसरं वाक्य: “टोल्ड अस दॅट, द रोपवे…”. हा कॉमा सरळ मराठीतून आला आहे. आपण ‘सरांनी सांगितलं की, रोपवे बंद आहे’ असं लिहितो, कुणी ‘की’च्या आधी कॉमा देतं, कुणी नंतर. बोलतानाही ‘की’वर जरा रेंगाळतो. इंग्रजीत अशा ‘दॅट’च्या आधीही कॉमा नाही आणि नंतरही नाही. काय सांगितलं, काय वाटलं, काय कळलं, ते त्या क्रियापदाचं कर्म आहे आणि क्रियापद व कर्म यांच्या मध्ये कॉमा घुसवायचा नसतो. ‘आय थिंक दॅट’, ‘शी सेड दॅट’, ‘वी न्यू दॅट’, सगळीकडे तेच.

तिसरं: “बिकॉज द विंड वॉज स्ट्राँग.” मराठीत ‘कारण’ने नवं वाक्य खुशाल सुरू होतं. ‘मी आलो नाही. कारण पाऊस होता.’ यात काही बिघडत नाही. ‘बिकॉज’ मात्र ज्या वाक्याला लागतं त्याला आश्रित करून टाकतं, मग ते एकटं उभं राहत नाही. मागच्या वाक्याला जोड: “…द रोपवे वॉज क्लोज्ड बिकॉज द विंड वॉज स्ट्राँग.” मध्ये कॉमाही सहसा नको. तेच ‘बिकॉज’ सुरुवातीला आणलंस तर आश्रित भाग संपतो तिथे कॉमा लागतो: “बिकॉज द विंड वॉज स्ट्राँग, द रोपवे वॉज क्लोज्ड.” ‘इफ’, ‘व्हेन’, ‘ऑल्दो’ यांचंही असंच. ‘ऑल्दो’बरोबर ‘बट’ घेऊ नकोस, तो आपला ‘जरी-तरी’ आहे. कादंबऱ्यांत, जाहिरातींत ‘बिकॉज’ची सुटी वाक्यं भरपूर दिसतील. ते लोक जाणूनबुजून करतात. परीक्षेच्या पेपरात परीक्षक तुला तेवढी सवलत देईल, हे गृहीत धरू नकोस.

चौथ्या वाक्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे कॉमाने अर्थ बदलतो. “द बॉइज हू वेअर टायर्ड, सॅट इन अ टी स्टॉल.” मराठीत तू हे मनात असं म्हटलंस: ‘जी मुलं दमली होती, ती टपरीवर बसली.’ जो-तो, जी-ती, जे-ते यांच्या मध्ये कॉमा हा आपला रिवाजच आहे. इंग्रजीत ‘ती’ गळून गेलं आणि कॉमा तेवढा मागे राहिला. आता तो ‘द बॉइज’ हा कर्ता आणि ‘सॅट’ हे क्रियापद यांच्या बरोबर मध्ये उभा आहे. एकटा कॉमा तिथे कधीच नसतो. एक तर दोन्ही बाजूंनी द्यायचा, नाही तर अजिबात द्यायचा नाही, आणि कुठलं निवडायचं ते सहलीत काय घडलं यावर ठरतं. “द बॉइज हू वेअर टायर्ड सॅट…” म्हणजे जेवढे दमले होते तेवढेच बसले, बाकीचे गडावर फिरत होते. “द बॉइज, हू वेअर टायर्ड, सॅट…” म्हणजे सगळेच मुलगे बसले आणि जाता जाता कळलं, की ते दमले होते. यात व्याकरणाचं पुस्तक तुला उत्तर देणार नाही. किती जण बसले हे तुलाच माहीत.

याची कसोटी सोपी आहे. ‘हू’पासूनचा भाग बोटाने झाकून वाच. कोणाबद्दल बोलतोय ते तरीही तेवढंच स्पष्ट असेल तर दोन कॉमा, नसेल तर एकही नाही. “माय मदर, हू टीचेस मॅथ्स, …” इथे कॉमा, कारण आई एकच. “द टीचर हू टीचेस मॅथ्स…” इथे नाही, कारण शाळेत शिक्षक पुष्कळ.

पाचवं: “आय आस्क्ड माय फ्रेंड व्हेन द रेन वुड स्टॉप?” प्रश्न तू मित्राला विचारलास, वाचणाऱ्याला नाही. वाचणाऱ्याला तू फक्त सांगतोयस, म्हणून फुलस्टॉप. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’, ‘आय वंडर व्हाय’ यांच्याही शेवटी फुलस्टॉपच.

मित्राचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर अवतरणचिन्हं येतात. ही सेड, मग कॉमा, मग अवतरणचिन्ह, आतला पहिला शब्द कॅपिटलने आणि शेवटचा फुलस्टॉप आत: ही सेड, “द रेन विल स्टॉप बाय फोर.” बोलणं आधी आणि ‘ही सेड’ मागून असेल तर फुलस्टॉपच्या जागी कॉमा, तोही आतच. बोलणं प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह आत, त्यानंतर वेगळा कॉमा नाही आणि ‘ही आस्क्ड’चा एच लहान. या शेवटच्या तपशिलात भले भले घसरतात.

म्हणजे आतापर्यंतचं एवढंच: दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये एकटा कॉमा नाही, कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये एकटा कॉमा नाही, क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्येही नाही. या तीन ‘नाहीं’नी तुझ्या वहीतले बरेचसे लाल गोल जातील.

आता अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या वरच्या बाजूला टांगलेला कॉमा. देवनागरीत हे चिन्ह वापरात नाही, त्यामुळे मुलं एक तर ते विसरतात, नाही तर एस दिसला की टांगतात. कामं दोनच: गळलेलं अक्षर दाखवणं आणि मालकी दाखवणं. अनेकवचन करणं हे त्याचं काम नव्हे. दुकानांच्या पाट्यांवर ‘सँडविच’च्या अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी दिसते, तिच्यावरून शिकू नकोस. ‘१९९० चं दशक’ इंग्रजीत लिहितानाही आकड्यापुढे नुसता एस पुरतो.

मालकी दाखवताना आधी मालक कोण ते पूर्ण लिहून टाक आणि मग चिन्ह लाव. मालक ‘टीचर्स’ असतील, म्हणजे अनेक, तर शब्द लिहून झाला, एस आधीच आहे, चिन्ह त्याच्यानंतर. म्हणून ५ सप्टेंबरच्या टीचर्स डेला अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर येते. १४ नोव्हेंबरला मालक ‘चिल्ड्रन’. शब्दात एस नाही, म्हणून अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. फळ्यावर हे दोन दिवस बरोबर लिहिता आले की नियम आला असं मी धरते.

आणि ते कुप्रसिद्ध ‘इट्स’. आय-टी-एस म्हणजे ‘त्याचं’. मध्ये अपॉस्ट्रॉफी आली की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. हिज, हर्स, अवर्स, युवर्स, देअर्स या कुटुंबातल्या कुणालाच अपॉस्ट्रॉफी नसते. पत्राच्या शेवटी ‘युवर्स फेथफुली’त ती घालणारे अर्ज मी रोज बघते. तुला एक पळवाट सांगते: निबंधात आणि औपचारिक पत्रात संक्षेप वापरूच नकोस. ‘इट इज’, ‘डू नॉट’, ‘कॅनॉट’ पूर्ण लिही. मग तुझ्या पेपरात आय-टी-एसला अपॉस्ट्रॉफी लागण्याचा प्रसंगच येत नाही.

याद्यांबद्दल. ‘पोहे, उपमा अँड टी’ यात ‘अँड’च्या आधी कॉमा द्यायचा का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ब्रिटिश वळणात बहुतेक वेळा देत नाहीत, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याची रीत मात्र देण्याची, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. अमेरिकेत पुस्तकांत देतात, वर्तमानपत्रांत सहसा नाही. तू कुठलीही बाजू घे, पण एका पेपरात एकच. अर्थ डळमळत असेल तिथे मात्र दे. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइम कुणाला लागू नाही, याची यादी कायद्यात होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते, ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. दूध पोचवणारे ड्रायव्हर म्हणाले, हे सगळं पॅकिंगबद्दल आहे, आम्ही पॅकिंग करत नाही, आम्हाला ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या अशा आणखी काही गोष्टी आहेत. अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, ‘मिस्टर’च्या संक्षेपानंतर टिंब की नाही, पत्राच्या मायन्यानंतर कॉमा की काहीच नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धती वेगळ्या आहेत, आणि अवतरणातल्या एखाद्या सुट्या शब्दानंतर फुलस्टॉप आत की बाहेर, इथेही त्या फुटतात. बोर्डाच्या परीक्षेसाठी तुझ्या पाठ्यपुस्तकात जे वळण असेल तेच ठेव. उद्या अमेरिकी विद्यापीठाचा अर्ज भरशील तेव्हा बदल. फोनमधलं किंवा संगणकातलं व्याकरण तपासणारं साधन बऱ्याचदा अमेरिकी इंग्रजीवर लावलेलं असतं, ते आधी बघ, नाही तर तुझं बरोबर असलेलंही ते लाल करेल.

कोलन आणि डॅश यांची आपली ‘:-’ ही जोडगोळी मराठी वहीतून इंग्रजीत येते. ती सोडून दे, नुसता कोलन पुरतो. कोलनच्या आधी पूर्ण वाक्य असू दे. “माय सब्जेक्ट्स आर फिजिक्स, केमिस्ट्री अँड बायॉलॉजी” यात ‘आर’नंतर काहीच नको. मराठीत विसर्ग वाटू नये म्हणून कोलनच्या आधी जागा सोडतात, इंग्रजीत कॉमा, फुलस्टॉप, कोलन, प्रश्नचिन्ह यांच्या आधी जागा नाही, नंतर एक. उद्गारचिन्ह एका निबंधात एखादं, तेही नसलं तरी चालेल. अर्धविराम बारावीनंतर शिकलास तरी काही बिघडत नाही.

कॅपिटल अक्षर हे विरामचिन्ह नव्हे, पण देवनागरीत तसला प्रकार नसल्याने तिथेही गुण जातात. वार, महिने, भाषा आणि ‘मी’चा आय नेहमी कॅपिटल. ऋतू आणि नाती लहान. म्हणून ‘इंग्लिश’चा पहिला ई मोठा, पण ‘केमिस्ट्री’चा सी वाक्याच्या मध्ये लहान.

सरावाला वेगळं पुस्तक घेऊ नकोस. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला सात-आठ ओळींचा उतारा एकही चिन्ह आणि एकही कॅपिटल न देता वहीत उतरव. दोन दिवस जाऊ दे, म्हणजे मूळ डोळ्यांसमोरून जाईल. मग क्रियापदं अधोरेखित करून चिन्हं घाल आणि पुस्तकाशी ताडून बघ. फरक पडेल तिथे समासात एका ओळीत कारण लिही. कारण सुचलं नाही तर ती ओळ घेऊन शिक्षकांकडे जा. ‘हा कॉमा का खोडला?’ असं एकेका कॉमाबद्दल विचारलं तर बहुतेक शिक्षक सांगतात, चाळीस वह्यांवर कारणं लिहायला त्यांना वेळ नसतो.

पेपरात शेवटची पाच मिनिटं ठेव आणि निबंध शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचत वर जा, एकेक वाक्य सुटं. गोष्टीचा ओघ तुटला की ‘बिकॉज’ची अर्धी वाक्यं आणि कॉमाने चिकटवलेल्या जोड्या लगेच दिसतात. कॉमाचा फुलस्टॉप करायला पेनाचा एक ठिपका लागतो, फक्त पुढचं अक्षर कॅपिटल करायला विसरू नकोस.